इकोस्पोर्ट-फिगो डिझेलचं कूलिंग: पार्ट कुठला घ्यावा, कुणाकडून घ्यावा

फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्याच वेळी दिल्ली, चेन्नई, मुंबई, साणंद आणि कोलकाता इथले पार्ट डेपो चालू राहतील असंही सांगितलं होतं. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर यांची चिंता तशीही नव्हती. ते बनवणारे बाहेर पुष्कळ आहेत. पुरवठादाराची खरी परीक्षा होते ती कूलिंगच्या पार्टमध्ये. हे पार्ट बहुतेक प्लास्टिकचे आणि रबराचे, त्याच गाडीच्या मापाचे, आणि सात-आठ वर्षांच्या उष्णतेनंतर साधारण एकाच सुमारास दगा देणारे. २०१३ पासूनच्या इकोस्पोर्ट आणि २०१५ पासूनच्या फिगो-अ‍ॅस्पायर आता नेमक्या त्या वयात आहेत. म्हणून १.५ टीडीसीआय हे फोर्डचं डिझेल इंजिन समोर ठेवून हा आढावा. पेट्रोलवाल्यांनाही पंपाचा भाग सोडला तर बाकीचं बरंचसं लागू पडेल.

सुरुवात कूलंटच्या बाटलीपासून, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिच्यातच होते. या गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसतं. पांढुरकी बाटली हीच दाबाखाली असते आणि तिची कॅप म्हणजे प्रेशर व्हॉल्व्ह. मारुतीच्या जुन्या गाड्यांतली बाटली नुसती साठवणीची, तडकली तरी गाडी घरापर्यंत येते. इथे बाटली तडकली की दाबच टिकत नाही. दाब महत्त्वाचा अशासाठी, की १ बार वाढीव दाबाला निम्मं कूलंट-निम्मं पाणी हे मिश्रण १२५ अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. दाब गेला की तेच मिश्रण १०८ अंशांच्या आसपास उकळायला लागतं, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर तेवढं तापमान सहज गाठलं जातं.

बाटली तीन ठिकाणी जाते: दोन अर्धे भाग जोडलेल्या शिवणीवर, कॅपखालच्या मानेवर आणि बारीक होज बसतो त्या नळीच्या मुळाशी. ओघळ दिसायच्या आधी तिथे नारिंगी-पांढरी पूड जमते. गार इंजिनवर टॉर्च मारून पाहिलं की कळतं.

बाजारातल्या नकली बाटल्या दिसायला हुबेहूब असतात. फरक शिवणीत. चांगल्या बाटलीची शिवण सगळीकडून सारख्या जाडीची असते. नकलीची कुठे फुगलेली, कुठे दबलेली. दुसरी खूण आटे. जुनी मूळ कॅप नव्या बाटलीवर दुकानातच फिरवून बघा. अडखळली किंवा शेवटी डुगडुगली तर बाटली तिथेच परत करा. आटे ढिले असले की दाब कॅपच्या कडेने निसटतो, मेकॅनिक कॅप बदलतो, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलतो, आणि दोष मात्र बाटलीत बसलेला असतो. बाटली घेताना कॅपही नवी घ्या, मात्र तिच्यावर कोरलेला दाबाचा आकडा जुन्या कॅपवरच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. ‘जास्त दाबाची कॅप लावा, गरम होणार नाही’ हा सल्ला रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या फोडणारा आहे. कॅपमध्ये उलट्या दिशेचा, निर्वात सोडणारा छोटा व्हॉल्व्हही असतो. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसला तर तो अडकलाय, कॅप बाद.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग. ते सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतं, त्याला अनेक होज जोडलेले असतात. गळती गिअरबॉक्सवर उतरते आणि वरून नजरेस पडत नाही. बाटली आठवड्याला बोटभर खाली, पण जमिनीवर थेंब नाही, अशी तक्रार बहुधा याचीच. (तेही कोरडं निघालं तर ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग, तपासावा लागतो, तो खर्च मोठा.) हाउसिंग पूर्णच बदलायचं. त्यावर गॅस्केटचं शीलंट थापून चालवणारे गॅरेजवाले भरपूर आहेत, पण रबरी सील असलेल्या जागी शीलंट लावलं की सील घसरतं आणि सुटलेले तुकडे हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करावा, बोल्ट आळीपाळीने आवळावेत, आणि प्लास्टिकमधल्या एम६ बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नये. लांब दांड्याचा पाना इथे हातात घेऊच नये.

वॉटर पंप या इंजिनात टायमिंग बेल्टवर चालतो, आणि त्यामुळे खरेदीचा हिशेबच बदलतो. पंपाचं सील गेलं की कूलंट बारीक भोकातून टायमिंग कव्हरच्या आत झिरपतं आणि बेल्टवर येतं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर. म्हणून पंप सुटा घेऊ नये: बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुल्या) आणि पंप एकत्र घ्यावेत, एकाच वेळी बदलावेत. मजुरी तीच. हातात घेतल्यावर पंपाचा पंखा धातूचा की प्लास्टिकचा, पाती जुन्याइतकीच आणि त्याच दिशेला वळलेली आहेत ना, हे शेजारी ठेवून बघायचं.

रेडिएटर अ‍ॅल्युमिनियम कोअरचा, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या, मध्ये रबरी पट्टी आणि दुमडलेली कड. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देणारे कारागीर अजून गावोगाव आहेत, पण ती कला इथे चालत नाही. दुमडलेली कड उघडून पुन्हा ठोकलेला रेडिएटर पहिल्या उन्हाळ्यात घाम गाळतो. बाहेरचा घ्यायचा तर नाव असलेल्या कंपनीचा. वडोदऱ्याची बँको १९६१ पासून या धंद्यात आहे, तसा. घेताना कोअरची जाडी पट्टीने मोजा. मूळपेक्षा पातळ कोअर चौकटीत नीट बसतो, गाडी गावात ठीक चालते, आणि एसी लावून कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. बदलायच्या आधी एक फुकटचा उपाय करून बघा: कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचलेली माती-किडे इंजिनकडून पुढच्या दिशेने साध्या पाण्याच्या धारेने काढा. सर्व्हिस सेंटरची प्रेशर गन जवळून मारली तर पाती आडवी होतात आणि रेडिएटर खरंच बदलावा लागतो.

फॅनबद्दल एवढंच: सिग्नलला एसी गरम हवा टाकतो पण चालत्या गाडीत थंड करतो, तर आधी फॅनचा कमी वेग चालू आहे का बघा. अनेकदा गेलेला असतो तो कमी वेग देणारा छोटा रेझिस्टर, आणि विकला जातो पूर्ण फॅन.

आता पुरवठादार. सगळ्यांना एकच कसोटी लावता येते: पैसे मागण्याआधी तो चासिस नंबर मागतो का? आरसीवरचा १७ अक्षरांचा हा नंबर फोर्ड इंडियाच्या गाड्यांत एमएजे या अक्षरांनी सुरू होतो. ‘इकोस्पोर्ट डिझेल ना? आहे, या’ असं फोनवर सांगणारा दुकानदार कितीही जुना असो, कूलिंगच्या पार्टसाठी कामाचा नाही, कारण होजचे वळण आणि कनेक्टर मॉडेलच्या मध्यातही बदललेले असतात.

पार्ट नंबर स्वतः वाचता आला तर अर्धं काम होतं. फोर्डचा नंबर तीन तुकड्यांचा असतो. पहिला तुकडा पार्ट कुठल्या गाडीसाठी आखला गेला ते सांगतो. इकोस्पोर्टच्या पुष्कळ पार्टवर सीएन१५ दिसेल. मधला तुकडा म्हणजे पार्टची जात: ८००५ रेडिएटर, ८५७५ थर्मोस्टॅट, ८५०१ वॉटर पंप, ८२६० वरचा होज, ८२८६ खालचा होज, ८सी६०७ फॅन. शेवटची अक्षरं सुधारणेची: एए नंतर एबी, मग एसी. पुढच्या अक्षराचा पार्ट बहुधा जुन्याच्या जागी बसतो, मागच्या अक्षराचा बसेलच असं नाही. जुन्या पार्टवर हा नंबर साच्यातच उमटलेला असतो. काढायच्या आधी फोटो घेऊन ठेवावा.

अधिकृत काउंटर महाग, आणि माल बहुतेक वेळा डेपोतून मागवावा लागतो. आगाऊ रक्कम द्यावी लागते, इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतले जात नाहीत. तरीही बाटली, कॅप, थर्मोस्टॅट हाउसिंग आणि साचेबंद होज या चार गोष्टींसाठी दुसरीकडे जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑर्डर देताना अपेक्षित तारीख बिलावर लिहून घ्या, आणि गाडी उघडून न ठेवता पार्ट हातात आल्यावरच कामाला लावा.

पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर इथल्या घाऊक दुकानांचा फायदा म्हणजे जुना पार्ट नेऊन शेजारी ठेवून बघता येतो, आणि बेल्ट-पंपाचा संच, रेडिएटर, क्लिपा यांचे भाव इथे बरे मिळतात. तोटा असा, की ‘ओरिजिनल’ या शब्दाचे इथे तीन अर्थ आहेत: फोर्डच्या खोक्यातला, फोर्डला पुरवणाऱ्या कंपनीचा, पण तिच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि नुसता दिसायला तसा. दुसऱ्या प्रकारात काही वाईट नाही, उलट किमतीच्या मानाने तोच सगळ्यात चांगला सौदा. फक्त विचारायचं, ‘कुठल्या कंपनीचा?’ आणि नाव बिलावर लिहा म्हणायचं. जो लिहायला तयार नाही, त्याच्याकडचा माल तिसऱ्या अर्थाचा.

बिलाची गोष्ट निघालीच आहे तर: २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याआधी बहुतेक पार्टवर २८ होता. जुन्या साठ्यावर जुनी एमआरपी छापलेली असते आणि एमआरपीत कर धरलेला असतो. एमआरपीच्या वर ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्याशी वाद घालायची गरज नाही, दुकान बदलायचं.

ऑनलाइनमध्ये बूडमोसारख्या ठिकाणी नंबर टाकून शोधता येतं, मूळ आणि बाहेरचा पर्याय शेजारी दिसतो. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला हा मोठाच आधार. पण माल पाठवणारा विक्रेता वेगळा असतो हे विसरू नये. संकेतस्थळ चांगलं म्हणून प्रत्येक विक्रेता चांगला होत नाही. परतीची मुदत ऑर्डरच्या आधी वाचा, खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि पार्ट आल्याच दिवशी जुन्याशी ताडून बघा. महिनाभर माळ्यावर ठेवून मग बसवायला काढलेल्या पार्टची तक्रार कोणी ऐकत नाही. रेडिएटर कुरिअरने मागवला असेल तर टाकीच्या नळ्या आणि कोपऱ्यांवरचे फिक्सिंगचे खुंट आधी तपासा. प्रवासात मोडतात ते तेच.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या भंगार बाजारातून फॅनची चौकट, ब्रॅकेट घ्यायला हरकत नाही. बाटली, होज, हाउसिंग, पंप तिथून अजिबात नको; तुमच्या गाडीवर जितकी वर्षं काढून प्लास्टिक कुजलं, तितकीच त्यांनीही काढलेली असतात.

कूलंटबाबत दुकानदार रंगावर बोलतो, तुम्ही डब्यावरच्या स्पेसिफिकेशनवर बोला. या गाड्यांना डब्ल्यूएसएस-एम९७बी४४-डी हे मानक पाळणारं नारिंगी कूलंट लागतं. हिरव्यात मिसळलं की दोन्हींचं गंजरोधक काम कमी होतं. डबा ‘तयार मिश्रण’ आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’ हे वाचा. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नको, मराठवाड्याचं तर नकोच. वर्षभरात आत चुन्याचा थर धरतो. फ्लश केल्यावर खालचा होज काढून सगळं निथळलं असं वाटतं, पण ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच पाणी उरतं. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं, मग वरून डिस्टिल्ड पाणी.

होज बसवताना मूळ स्प्रिंगच्या क्लिपाच परत लावा. स्क्रूची क्लिप प्लास्टिकच्या नळीला चिरडते, आणि रबर गरम-गार होताना आपोआप घट्ट-सैल होण्याचं जे काम स्प्रिंग करते ते स्क्रूला जमत नाही. तारेच्या क्लिपचे कनेक्टर असतील तिथे आतली ओ-रिंग नवी घाला, कूलंटने ओली करून बसवा, टक् आवाज आल्यावर ओढून बघा.

भरताना हीटर पूर्ण गरमवर. बाटली कमाल खुणेपर्यंत हळूहळू भरा, कॅप लावा, इंजिन २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत. या वेळात बाटलीत वरच्या बारीक नळीतून धार परत पडताना दिसली पाहिजे. नाही पडली तर नळी तुंबलेली आहे किंवा पंप पाणी फिरवत नाही. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत हवा अडकली आहे. पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, बहुतेक वेळा थोडी उतरते. पैसे चुकते करण्याआधी गॅरेजला हातपंपाने प्रेशर टेस्ट करायला सांगा: कॅपवरच्या आकड्याइतका दाब, १५ मिनिटं, काटा हलता कामा नये. डॅशबोर्डवरच्या काट्यावर मात्र भिस्त ठेवू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला की तो चुकीचं तापमान दाखवतो, आणि हेड वाकेपर्यंत काटा मधोमध राहू शकतो. काम झाल्यावर पहिले १५ दिवस रोज सकाळी, गार इंजिनवर, बाटलीवर मार्करने केलेली खूण बघायची.