भुलीआधीची तपासणी: इथे भीतीचीही नोंद घेतात

पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी माझी भुलीची तपासणी झाली, त्या विभागाबद्दल लिहिते आहे. आठ वर्षांपूर्वी दुसरीकडे ऑपरेशन झालं, तेव्हा भूलतज्ज्ञ थेट टेबलावरच भेटले होते. माझे दात वाजत होते, बीपी चढलेलं, आणि "घाबरायचं काय त्यात?" एवढंच कानावर पडलं. ते मनातून कधी गेलंच नाही.

या वेळी आठवडाभर आधी बोलावलं. वजन, ॲलर्जी, चालू औषधं, तोंड उघडून घसा, सगळं झालं. मग डॉक्टरबाईंनी एक कागद पुढे केला. सहाच प्रश्न: चार भीतीचे, दोन माहिती किती हवी याचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ॲम्स्टरडॅमला तयार झालेली ही प्रश्नावली १९९६ सालची आहे म्हणे. तळहाताला इतका घाम की पेन घसरत होतं. भीतीचे २० पैकी १७ आले.

"हे मला तुमच्या वजनाइतकंच उपयोगी आहे," बाई म्हणाल्या. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, नाडी धावते, आणि झोप लागायला काही जणांना प्रोपोफॉल हे भुलीचं औषध नेहमीपेक्षा जास्त लागतं. म्हणून ते बेताबेताने, अंदाज घेत देतात. मधेच जाग आली तर? हे मी आठ वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं. त्यांनी मॉनिटरचा फोटोच दाखवला. कपाळावरच्या पट्टीतून मेंदूच्या लहरी टिपतात, त्यावरून आकडा येतो, तो साधारण ४० ते ६० च्या दरम्यान राखतात. त्या रात्री मी झोपले.

ऑपरेशनच्या दिवशी त्याच बाई होत्या. आधी शिरेतून थोडं मिडाझोलाम, म्हणजे भीती कमी करणारं औषध, मग दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल. "हात चुरचुरेल," त्यांनी आधीच सांगितलं होतं. तसा चुरचुरला. पुढचं आठवत नाही.

तक्रार आहे ती बाहेरच्या बाकाची. तपासणीला अडीच तास बसवलं, नंबर कधी येईल ते कुणी सांगेना. धास्तावलेल्या माणसाचं त्यात काय होतं, हे या विभागाला तरी कळायला हवं. उपाशी राहण्याच्या सूचनाही तोंडीच. हलकं खाणं ६ तास आधी बंद, साधं पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालतं, हे मी खोदून विचारलं म्हणून कळलं. शेजारच्या आजी तर आदल्या रात्रीपासून पाणीही सोडायला निघाल्या होत्या. एवढं छापून हातात द्या.