लॉर्ड डन्सनी : पावसाळाभर फेरीबोटीत वाचल्यानंतर

लॉर्ड डन्सनी हा अद्भुतकथा लिहिणारा आयरिश लेखक. त्याला सलग वाचायला घेऊ नका, हे आधीच सांगते. चौथ्या कथेपाशी कंटाळा येईल. पुन्हा तीच जीभ अडखळवणारी नावं, पुन्हा एक सुंदर नगर धुळीला मिळणार. रोज एकच कथा घेतली तर मात्र हा माणूस चढत जातो. गोव्यातल्या चोडण-रायबंदर फेरीबोटीत मी जूनपासून असाच वाचतेय. सुरुवातीच्या बऱ्याच कथा दोन-तीन पानांच्या आहेत, पलीकडचा धक्का येईपर्यंत एखादी होऊन जाते. लेखक 1957 साली वारला, त्यामुळे आपल्याकडच्या 60 वर्षांच्या नियमाने त्याचं त्याच्या हयातीत छापलेलं लेखन आता सगळ्यांना खुलं आहे. जुनी पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात.

एडवर्ड प्लंकेट, डन्सनीचा 18वा बॅरन. जन्म लंडनचा, 1878 चा. गढी आयर्लंडमधल्या मीथ परगण्यात. बोअर युद्धात लढला, 1916 च्या डब्लिनच्या उठावात गोळी खाल्ली, आणि बुद्धिबळाचा माजी जगज्जेता कापाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळत होता तेव्हा त्याच्याशी डाव बरोबरीत सोडवला. लिहायचा पिसाच्या लेखणीने, बहुतेक एकटाकी. एवढा बडा उमराव, पण ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ हे पहिलं पुस्तक 1905 मध्ये त्याला पदरचे पैसे घालून छापावं लागलं. अद्भुतकथांमधली गाजलेली कादंबरी, टॉल्किनचा ‘हॉबिट’, यायला अजून 32 वर्षं होती.

या पेगानात माना-यूद-सुशाई धाकटे देव घडवतो आणि झोपी जातो. स्कार्ल नावाचा ढोलवाला ढोल बडवत बसलेला. त्याचा हात थांबला की माना जागा होणार, मग देवही नाहीत नि जगही नाही. शेषशायी विष्णू आपल्या ओळखीचा, त्यामुळे सुरुवातीला यात नवं काय असं वाटतं. पण आपण काकड आरती करून देवाला उठवतो. इथे सगळ्यांचा जीव तो उठू नये यावर टांगलेला. हे ध्यानात आल्यावर मी ती पानं परत वाचली.

माझ्या मते त्याची सर्वांत चांगली कथा मात्र ‘आयडल डेज ऑन द यान’. 1910 च्या ‘अ ड्रीमर्स टेल्स’ या संग्रहात आहे. नाईलच्या प्रवासाला निघण्याआधीच त्याने ही नदी मनाने रचून टाकली. गलबतावर संध्याकाळ होते, खलाशी प्रार्थनेला गुडघे टेकतात, पण एका वेळी पाच-सहाच, आणि तेही वेगवेगळ्या पंथांचे. कारण एकाच देवाच्या कानावर एकदम दोघांचं गाऱ्हाणं पडू नये! निवेदक बिचारा विचारात पडतो, आणि जंगलातल्या माणसांनी कधीच सोडून दिलेल्या, आता कुणीच पुजत नसलेल्या एका देवाची प्रार्थना करतो.

त्या ओळीशी मी बराच वेळ थांबले. 16व्या शतकात पोर्तुगिजांच्या भयाने मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आली, हे ऐकतच आपण वाढलो. देव हलवले त्यांच्या कथा आपल्याकडे ढीगभर आहेत. जे मागेच राहिले त्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. डन्सनीला गोवा माहीत असण्याचं कारण नाही, पण प्रश्न त्याचा नेमका हाच.

आता तक्रारी. मी उतरवलेल्या फाइलीत त्याचा चित्रकार सिडनी साइम याची चित्रं गायब होती. एरवी चाललं असतं, पण ‘द बुक ऑफ वंडर’मध्ये (1912) आधी साइमने चित्रं काढली आणि मग डन्सनीने त्यांवर कथा रचल्या. चित्रांवाचून त्या कथा एकदम सुरू होतात आणि तशाच तुटतात. हे पुस्तक चित्रांसकटच मिळवा. ‘द किंग ऑफ एल्फलँड्स डॉटर’ (1924) या कादंबरीचं नाव मोठं, पण छोट्या कथेत जी भाषा झिंग आणते तीच तिथे जड होते. शिवाय त्याची पूर्वेकडची नगरं कधीकधी साहेबाने दुरून पाहिलेल्या बाजारासारखी वाटतात, तेही खटकतं.

नाटकवाल्यांनी ‘द ग्लिटरिंग गेट’ जरूर बघावं. 1909 मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात झालेली एकांकिका. दोन मेलेले घरफोडे स्वर्गाच्या दाराशी. एक बिअरच्या बाटल्या उघडतोय, प्रत्येक रिकामी. दुसरा सवयीने दार फोडतो, तर पलीकडे नुसतं आभाळ आणि तारे. जत्रेला आमच्या मंडळाने ही करावी असं मी सुचवलंय. पात्रं दोन, नेपथ्याला एक दार, आणि रिकाम्या बाटल्या काही गोव्यात शोधाव्या लागत नाहीत.