तीस हजारांच्या आतली ई-सायकल: घेण्याआधी मागचं चाक बघा

या किमतीत मिळते ती बहुधा २५० वॅटची हब मोटर (मागच्या चाकाच्या मध्यातच बसवलेली) आणि ३६ व्होल्टची बॅटरी. वेग ताशी २५ किलोमीटरवर थांबतो, त्यामुळे लायसन्स-पासिंगची कटकट नाही. जाहिरातीतल्या रेंजवर जाऊ नका. ३६ ला बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-अवरने गुणा: ७.५ असतील तर २७० वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता हँडलवरून मोटर चालवली तर, किलोमीटरला १०-१२ वॅट-अवर जातात, म्हणजे २२ ते २७ किलोमीटर. पेडल मारलंत तर बरंच जास्त. कात्रजसारख्या चढावर थ्रॉटल दाबून बसू नका. मोटर तापते, व्होल्टेज पडतं आणि बॅटरी शिल्लक असूनही कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) सप्लाय तोडतो.

खरी परीक्षा मागच्या पंक्चरची. चाक काढायला मोटरची वायर सोडवावी लागते, म्हणून तिला चाकाजवळ वॉटरप्रूफ कनेक्टर हवाच. तो सरळ ओढून काढायचा आणि जोडताना त्यावरचे बाण जुळवायचे, पिळलात तर आतल्या पिना वाकतात. नट बहुधा १८ च्या पान्याचे. टॉर्क वॉशर (ॲक्सलला फिरू न देणारी चकती) होता तसाच परत बसवा, नाहीतर ॲक्सल फिरून वायर तुटते. कनेक्टर नसेल तर ती सायकल घेऊच नका. पहिल्या महिन्यात मागचे स्पोक आवळून घ्या, मोटरच्या वजनाने ते सैल पडतात.