ट्रायपॉड ५ पौंडांचा, पाकीट ४ औंसांचं

जाहिरात बघून रायफल टेकवायचा जुना ट्रायपॉड मागवला, तो आलाच नाही. १,१०० डॉलर ट्रायपॉडचे, ४५ पाठवणावळीचे, ३५ फीचे. एकूण १,१८० डॉलर बुडाले. टेक्सासात लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद लागलेले आपले काहीजण आहेत, म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय.

‘जुना घ्यायला गेलासच कशाला?’ म्हणणाऱ्यांनी आधी इथल्या माळावर यावं. मेस्किटची झुडपं आणि कमरेएवढं गवत. पालथं पडून बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या बुटक्या टेकूवर, रायफल टेकवली तर स्कोपमध्ये गवतच दिसतं. फोटोवाल्यांचा हलका ट्रायपॉड इथे कुचकामी. एक मैलावर, म्हणजे १७६० यार्डांवर, नेम मिलच्या (कोन मोजायचं माप) दहाव्या भागाएवढा ढळला तरी गोळी सहा इंच बाजूला जाते. पाय जाड कार्बन फायबरचे हवेत, मधला दांडा नको, आणि वरचं, हवं तसं फिरणारं बॉल हेड रायफलचं वजन नि धक्का दोन्ही पेलणारं हवं. असा नवा घ्यायचा तर हेडसकट दीड हजाराच्या पुढे जातो. जुन्याला ११०० म्हणजे संशय यावा इतका स्वस्तही नाही. मेख तिथेच आहे.

विकणारा म्हणे, वडील वारले, त्यांचं सामान काढतोय. फोटो झकास. मी विचारलं, हेडचा क्लॅम्प, म्हणजे रायफल पकडणारा चिमटा, लिव्हरचा की स्क्रूचा? उत्तर आलं, ‘लिव्हरचा, एकदम घट्ट.’ आणि फोटोत ढळढळीत गोल स्क्रू! मी तो फोटो मोठा करून बघितला होता. तरी मनाशी म्हटलं, वडिलांची वस्तू, पोराला काय कळतंय. अजून झोपेत तो स्क्रू दिसतो. पण मला सांगा, बाप गेलेल्या माणसाची उलटतपासणी कोण घेतं?

आणि मी काही पैसे मित्राला पाठवतात तसे पाठवले नव्हते. खरेदी म्हणून, संरक्षणाची फी भरून पाठवले. मग ट्रॅकिंग नंबर आला, ‘डिलिव्हर्ड’ झालं, माझ्या घरी काहीच नाही. नंबर खरा होता, गावही माझंच, पत्ता भलत्याचा. पार्सलच्या काउंटरवरची बाई तोंडी म्हणाली, ४ औंसांचं पाकीट होतं. लेखी द्या म्हटलं तर, दुसऱ्या गिऱ्हाइकाची माहिती देता येत नाही. जिच्यामार्फत पैसे पाठवले ती कंपनी म्हणते, डिलिव्हर्ड दिसतंय, केस बंद. अहो, ५ पौंडांचा ट्रायपॉड ४ औंसांत कसा मावेल, हे वाचायलाही तिथे माणूस नाही! बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. पोलीस म्हणतात, ही दिवाणी बाब आहे. तक्रारीचा कागद पुढे सरकवला तर वाचायच्या आधीच परत. केंद्र सरकारच्या ऑनलाइन फॉर्मवर तक्रार भरली, पोच आली, पुढे शुकशुकाट. फी कसली घेतली मग? ‘संरक्षणा’ची?

ट्रॅकिंगवरचं वजन पहिल्याच दिवशी मागा. आजची तारीख लिहिलेला कागद वस्तूला चिकटवून फोटो मागवा, नुसता शेजारी ठेवलेला नको. शक्यतो रेंजवर भेटूनच घ्या: पाय पूर्ण उघडा, हेडवर अंगाचा भार टाका, पिळून बघा. आणि ‘वडील वारले’ ऐकलं की खिसा धरा.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तेच, नाव नवं, भाव १,०५०. तक्रार केली तर उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. कुणाला दिसली तर त्याला एवढंच विचारा, क्लॅम्प कसला आहे.