गोधडीच्या गोटासाठी बायस टेप मेकर: चारांतले दोनच कामाचे

गोट म्हणजे गोधडीची कड झाकणारी कापडी पट्टी. तिच्या दोन्ही कडा मुडपून टेप करून देणारं पत्र्याचं छोटं उपकरण ऑनलाइन दुकानांत ‘बायस टेप मेकर’ नावाने चार नगांच्या संचात मिळतं: ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटर. सोबत बहुतेकदा एक टोच्या, मूठभर क्लिपा आणि गोट लावायचा मशीनचा पाय असतो. जाहिरातीत चित्र हमखास रजईचं. त्या चित्राला भुलून घेणार असाल तर निकाल आधीच ऐका. ६ आणि १२ चे नग गोधडीला निरुपयोगी आहेत, १८ चा बाळाच्या दुपट्याला चालतो, २५ चा गोलाई असलेल्या कडांना उपयोगी पडतो. पलंगभर, सरळ कडांच्या गोधडीला मात्र यातल्या एकाचीही गरज नाही.

नगावरच्या आकड्याने बऱ्याच जणांची फसगत होते. २५ म्हणजे गोधडीवर दिसणारा गोट २५ मिलिमीटरचा नव्हे. साधारण दुप्पट रुंदीची पट्टी मागच्या रुंद तोंडातून आत जाते, तिच्या दोन्ही कडा मध्याकडे मुडपल्या जातात आणि पुढून २५ मिलिमीटरची टेप बाहेर येते. ही टेप गोधडीच्या कडेवर अर्धी पुढे, अर्धी मागे बसते. म्हणजे प्रत्येक बाजूला साडेबारा, आणि त्यातूनही गोधडीची जाडी वजा होते.

हिशोब सोपा आहे. नगावरच्या आकड्याची दीडपट करा, त्यातून कडेची जाडी वजा करा, उरलेल्याला तीनने भागा. टेपची एक मुडपलेली कड उघडून गोधडीच्या कडेशी जुळवतात आणि पहिली टीप मारतात, मग टेप मागे उलटवतात. ही पहिली टीप कडेपासून तेवढ्या अंतरावर यायला हवी. जाडी ४ मिलिमीटर धरली तर २५ च्या टेपला हे अंतर ११ येतं, १८ च्या टेपला साडेसात, १२ च्या टेपला जेमतेम साडेचार. साडेचार मिलिमीटरच्या टिपेत चार-पाच थर धरले जात नाहीत; दोन धुण्यांत आतल्या साडीचे दोरे निसटायला लागतात. ६ च्या टेपला अंतर दोन मिलिमीटरही उरत नाही. ती ब्लाउजच्या गळ्याला किंवा कापडावरच्या नक्षीकामाला वापरा.

या हिशोबातच नेहमीच्या एका तक्रारीचं उत्तर आहे: ‘टेप उलटवल्यावर मागच्या बाजूला टिपेपर्यंत पोचतच नाही.’ इस्त्रीने पडलेल्या घडीवरच टीप मारली की असं होतं. ती घड कडेपासून साडेबारा मिलिमीटरवर असते आणि जाडीसाठी काहीच शिल्लक राहत नाही. टीप घडीच्या बाहेर, कडेच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर सरकवून मारली की मागची कड टिपेवर नीट झाकण घालते.

आता उपकरणाबद्दल. स्वस्त संचातला मुख्य दोष म्हणजे आतल्या पत्र्याची वळणं दोन्ही बाजूंना सारखी नसतात. एक कड जास्त मुडपते, दुसरी कमी, आणि मधली रेघ सरकते. नग हातात आल्यावर वीतभर पट्टी ओढून उलटी करून बघा. दोन्ही कडा मध्यावर भेटत नसतील तर परत पाठवा, कारण घरी चिमट्याने वाकवून ते सुधारत नाही. दुसरी तपासणी बोटाने. तोंडाच्या कडेला बारीक कंगोरा राहिलेला असेल तर मलमलीचे धागे ओढले जातात. एवढा दोष मात्र बारीक पॉलिश पेपरने जातो. क्लोव्हर या जपानी कंपनीचे नग सुटे मिळतात आणि महाग असतात, पण घड मध्यावर पडते आणि मोठ्या कामासाठी ५० मिलिमीटरचाही नग त्यांच्याकडे आहे. एकच घ्यायचा असेल तर चार स्वस्त नगांऐवजी २५ चा एक चांगला घ्या.

पट्टीच्या रुंदीत कुचराई चालत नाही. जास्त झाली तर कडा मध्यावर एकमेकींवर चढतात आणि तिथे जाड वळ उठतो. कमी झाली तर एक कड मुडपायचीच राहते. केंब्रिक किंवा पॉपलिनला दुपटीपेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी कापावं. जाड खादीला आणखी थोडं कमी. मलमल तोंडात घसरते, म्हणून आधी स्टार्च लावून इस्त्री करून घ्यावी. पट्टीचं टोक तिरपं कापून वरच्या फटीतून टोच्याने पुढे ढकलायचं, बाहेर आलेलं टोक इस्त्रीच्या फळीवर टाचणीने अडकवायचं, मग मूठ धरून नग मागे ओढत न्यायचा आणि इस्त्री त्याला चिकटून मागोमाग. इस्त्री चार बोटं मागे राहिली की घड उघडते. जोड आला की नग अडतो. जोडाची शिवण पाव इंचाहून कमी ठेवून, उघडून इस्त्री केली तर तो निघून जातो. पत्रा चांगलाच तापतो, हात जपा.

पट्टी उरेब, म्हणजे ४५ अंशांत कापलेली, हवी का? गोल कोपरे किंवा कंगोरेदार कड असेल तर हवीच. सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या पाडते. सरळ कडेला सरळ पट्टी चालते, पण तिच्यात एक उणीव राहते: कडेच्या घडीवर तेच दोन-चार धागे लांबपर्यंत घासले जातात आणि तिथेच गोट फाटतो. उरेब पट्टीत ती घासण पुष्कळ धाग्यांत वाटली जाते. मात्र लावताना ती ओढायची नाही. ओढली की गोधडीची कड आखडते, सैल सोडली की लाटा येतात. तयार मिळणारी टेप बहुधा पॉलिस्टर मिसळलेली असते. धुतल्यावर सुती गोधडी आटते, टेप आटत नाही, आणि कडेला झालर आल्यासारखं दिसतं.

रोज वापरायच्या, महिन्यातून एकदा धुवायच्या गोधडीसाठी या उपकरणापेक्षा जुनी दुहेरी पट्टी सरस. टेप मेकरच्या टेपचा कडेवर एकच थर येतो, दुहेरी पट्टीचे दोन. शिवाय पट्टी मधोमध दुमडून एक इस्त्री फिरवली की काम झालं. तिच्या रुंदीचं गणित सुतांत करावं, इंचाला आठ सूत. दिसायला हव्या त्या गोटाची सहापट, अधिक कडेच्या जाडीची दुप्पट. तीन सुती गोट आणि एक सूत जाडी असेल तर अठरा अधिक दोन, म्हणजे अडीच इंच. तोच गोट दोन सूत जाडीच्या गोधडीला लावायचा तर पावणेतीन इंच. चार सुती गोटाला त्याच जाडीवर साडेतीन. पातळ दुपट्याला दोन सुतांचा गोट नाजूक दिसतो आणि पावणेदोन इंचांत भागतो. रुंदी ठरवताना नुसती शोभा बघू नये: जड गोधडी ओढताना कडेलाच धरली जाते, तिला तीन सुतांपेक्षा कमी गोट देऊ नये. इंचभर रुंद गोट हवा असेल तर आतले थरही टिपेच्या बाहेर इंचभर सोडा. पोकळ गोट पहिल्या धुण्यातच दुमडून सुतळी होतो.

६० बाय ९० इंचांच्या गोधडीचा घेर ३०० इंच. कोपरे आणि शेवटच्या जोडासाठी १२ इंच जादा धरा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंची आठ पट्ट्या लागतात, म्हणजे २० इंच कापड. तिरप्या जोडांत जाणारं कापड यात धरलेलं आहे. ३६ पन्ह्याला दहा पट्ट्या, २५ इंच. कापड आधी धुऊन घ्या, विशेषतः लाल आणि गडद निळं. साडीचा काठ गोटाला देखणा दिसतो, पण जरीचा असेल तर टाळा. ती टोचते आणि घडीवर तुटते.

गोट लावण्याआधी गोधडीच्या कडेला दोन सूत आत लांब टाक्यांची एक टीप घालून सगळे थर एकत्र धरावेत. ही पायरी टाळली की वरचा थर पुढे सरकतो आणि शेवटच्या कोपऱ्यात कापडाचा झोळ साचतो. मशीनला १६ नंबरची सुई, टाका तीन मिलिमीटरचा, पायाचा दाब कमी. वॉकिंग फूट, म्हणजे वरचे आणि खालचे थर एकत्र पुढे सरकवणारा मशीनचा पाय, असेल तर उत्तम. संचात येणारा गोट लावायचा पाय दोन पदरी कापडासाठी आहे, गोधडीची कड त्याच्या तोंडात शिरतच नाही. तो ड्रॉवरमध्येच राहू द्या. क्लिपा मात्र कामाच्या, टाचण्यांपेक्षा बऱ्याच बऱ्या.

कोपऱ्याला एकच नियम. टीप कडेपासून जितक्या अंतरावर चालली आहे, तितकंच अंतर समोरच्या कडेपासून राखून थांबा. तीन सुतांवर शिवत असाल तर तीन सूत आधी थांबून उलटी टीप घ्या. पट्टी वर ४५ अंशांत दुमडा, मग खाली आणा. वरची घड गोधडीच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. पुढची टीप अगदी वरून सुरू. एक सूत आधी थांबलात तर कोपरा सैल राहतो. पुढे गेलात तर घड टिपेत अडकते आणि उलटवताना तो टोकदार होतच नाही.

पट्टीची सुरुवात कोपऱ्यात नको, एखाद्या बाजूच्या मध्यावर करा आणि दोन्ही टोकं हातभर मोकळी ठेवा. शेवटी ती पट्टीच्या पूर्ण, न दुमडलेल्या रुंदीइतकी एकमेकींवर येतील अशी कापा, अडीच इंची पट्टीला अडीच इंच. मग काटकोनात ठेवून तिरपी शिवण. मागची कड हाताने तुरपाई करून संपवावी. मशीनने मागून टीप मारली तर पुढे ती गोटावरून उतरून गोधडीवर भटकते. तुरपाईचा टाका एका सुताचा, दोरा सुती आणि गोटाच्या रंगाचा.