छोटा ग्रुप की फक्त आपल्यासाठी गाइड? परदेशी निघण्याआधी

जळगावात कुणाकडेही पाहुणा आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अजिंठा ठरलेला. तासा-दीड तासाची वाट, त्यामुळे माझ्याही डझनभर फेऱ्या झाल्या असतील. त्यातल्या काही लग्नाच्या वऱ्हाडासोबत, मोठी बस करून. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उन्हातून आत गेलं की डोळे अंधाराला सरावायला चार-पाच मिनिटं लागतात. बसच्या मंडळींचे डोळे सरावेपर्यंत पुढच्या लेण्याकडे निघायची हाक आलेली असते. एकदा मात्र पावसाळ्यात, गर्दी नसताना, आम्ही तिघांनीच गाइड घेतला होता. पद्मपाणीसमोर तो आधी गप्प उभा राहिला आणि आम्हाला बघू दिलं. मग बोलला. त्या दिवशी मला अजिंठा पहिल्यांदा दिसला.

हे आठवलं, कारण अमळनेरचा मावसभाऊ दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम-कंबोडियाला जायचं म्हणतोय. सोबत बायको, सातवीतला मुलगा आणि मावशी-काका. त्याच्यापुढे दोन कोटेशनं आहेत. एक चौदा जणांच्या छोट्या ग्रुपचं, दुसरं फक्त त्यांच्या पाच जणांसाठी गाडी आणि गाइड असलेलं. मी व्हिएतनामला नवऱ्यासोबत अशाच छोट्या ग्रुपमधून गेले होते. कंबोडियाला आई, अप्पा, बहीण आणि आम्ही दोघं असे पाच जण स्वतःच्या गाइडसोबत गेलो. दोन्ही अनुभव ताजे आहेत, म्हणून त्याला सांगितलं ते सविस्तर लिहिते.

आधी कोटेशन नीट वाचायला हवं. टूरवाल्यांच्या बोलीत ‘एसआयसी’ म्हणजे सीट इन कोच. सामायिक गाडीत तुमची फक्त जागा, रोज वेगळी माणसं, रोज वेगवेगळ्या हॉटेलांवरून उचलाउचल. खरा छोटा ग्रुप म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तीच दहा-पंधरा माणसं आणि सोबत एक टूर लीडर. ‘प्रायव्हेट’ या शब्दातही गोम असते. कित्येकदा फक्त गाडी आणि ड्रायव्हर तुमचा असतो, देवळात माहिती सांगायला कुणी येत नाही. म्हणून ‘गाइड कुठल्या दिवशी, किती तास, कुठल्या भाषेत’ हे लिहून मागायचं. आमच्या पाच दिवसांच्या कोटेशनमध्ये गाइड दोनच दिवस होता. बहिणीने बारीक वाचलं म्हणून लक्षात आलं.

आता पैसा. ग्रुपचा दर माणशी असतो, तुम्ही दोन असा की पाच. प्रायव्हेटमध्ये गाडी आणि गाइडचा खर्च दिवसाला ठरलेला, तो आपण आपसात वाटून घेतो. समजा दोन्ही मिळून दिवसाला १०० डॉलर. दोघं गेले तर माणशी ५०, पाच जण गेले तर २०. हॉटेल, विमान, प्रवेशशुल्क दोन्हीकडे जवळपास सारखंच. त्यामुळे जोडप्याला प्रायव्हेट महाग पडतं, पण चार-पाच जणांच्या कुटुंबाला फरक फार उरत नाही, कधी उरतच नाही. सहा-सात जण झाले तर उलट प्रायव्हेटच स्वस्त पडण्याचीही शक्यता असते. एकट्या माणसाचा हिशेब निराळा. ग्रुपमध्ये त्याला खोली वाटून घ्यायला जोडीदार मिळाला तर बरं, नाहीतर स्वतंत्र खोलीचे जादा पैसे भरावे लागतात. तरी एकट्याने गाडी आणि गाइड करण्यापेक्षा ते कमीच.

कराचं सांगून ठेवते. परदेशी पॅकेजवर टूर कंपनी जीएसटी आणि टीसीएस (पैसे घेतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा आगाऊ कर) दोन्ही घेते. टीसीएस ज्याच्या पॅनवर भरला जातो त्याच्या आयकरात वळता होतो. हे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून चालू वर्षाचा दर विचारायचा. काकांच्या पॅनवर बुकिंग केलं आणि ते विवरणपत्रच भरत नसतील, तर परतावा मिळवण्यासाठी मुद्दाम भरावं लागेल. मावसभावाने स्वतःच्या पॅनवर करावं.

पण पैशापेक्षा माझ्या दृष्टीने मोठा प्रश्न दिवसाच्या घड्याळाचा आहे. ते घड्याळ कोण लावतं?

कंबोडियातलं अंगकोर वाट हे प्राचीन मंदिर पहाटे पाचला उघडतं. सूर्योदय बघायला पुढच्या तळ्याकाठी शेकडो माणसं उभी असतात आणि उजाडलं की बहुतेक ग्रुप नाश्त्याला हॉटेलवर परततात. आमच्या गाइडने आदल्या रात्रीच सांगितलं होतं की नाश्ता डब्यात घ्या, परत फिरायचं नाही. आम्ही केळी आणि घरून नेलेल्या दशम्या घेतल्या. सात वाजता पश्चिमेच्या भिंतीपाशी पोचलो तर जवळपास रिकामं. त्या भिंतीवर कुरुक्षेत्र कोरलंय, माणसावर माणूस, रथावर रथ. आईला कुणी काही सांगायच्या आत तिने शरपंजरी भीष्म ओळखला. मग ती मराठीत सांगत सुटली, बहीण इंग्रजीत करून देत होती आणि तो कंबोडियन गाइड ऐकत होता. त्याने तिला त्यांच्याकडच्या रामकथेची, रामकेरची, गोष्ट सांगितली. पुढे पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथन आहे, सुमारे ४९ मीटर लांबीचं, एकीकडे असुर, दुसरीकडे देव, मध्ये वासुकी. तिथे अप्पा पायरीवर बसले आणि उठायचं नावच घेईनात. आम्ही बसू दिलं. त्या सकाळी ठरलेलं एक देऊळ राहिलं, राहू दिलं.

ग्रुपमध्ये हे होणं शक्य नाही, आणि त्यात ग्रुपचा दोषही नाही. चौदा माणसांतल्या एकाला शिल्पापाशी तासभर बसायचं असेल तर बाकी तेरांनी का थांबावं? व्हिएतनाममध्ये मी नेमकी या जागी होते. होइ अनपासून जवळ मी सोन नावाची चाम राजांची शिवमंदिरं आहेत, विटांची, रानातली. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथल्या काही मंदिरांचं जतन केलंय. मला तिथे अख्खा दिवस काढायचा होता. त्या दिवशी ग्रुपमधलं एक जोडपं चाळीस मिनिटं उशिरा खाली आलं, पुढे रस्त्यात लाखेच्या वस्तूंच्या दुकानात थांबा होता, आणि मी सोनला आम्हाला सव्वा तास मिळाला. मला त्याची हळहळ अजून आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. व्हिएतनाममधल्या हा लाँग बे या उपसागरातली रात्रीची बोट घ्या. बहुतेक बोटी सामायिकच असतात, तुम्ही ग्रुपचे असा की प्रायव्हेट. तीच जेवणं, त्याच गुहा, तीच वेळ. तिथे खासगी गाइडचे पैसे देऊन हाती काही लागत नाही. आणि त्या बोटीवर आमच्या ग्रुपची जी मैफल जमली ती पाच जणांच्या घरच्या सहलीत जमली नसती. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्याशी माझा आजही दर आठवड्याला फोन होतो.

मावशीचा पहिला प्रश्न या सगळ्याहून साधा होता. फोनवर म्हणाली, “मना पाय दुखतस, मी मांगे राहसू तं काय करशी?” मला वाटतं निर्णय इथूनच सुरू व्हायला हवा. सगळ्यांत हळू चालणारं माणूस कोण, आणि ते मागे राहिलं तर काय? ग्रुपमध्ये टूर लीडर चांगला असेल तर तो त्याला बसायला सावलीची जागा शोधून देतो, पण त्या माणसाचं बघणं तिथेच थांबतं. शिवाय आपल्यामुळे सगळे खोळंबतात हा संकोच. आईसारख्या बायका तो संकोच बोलून दाखवत नाहीत, पाय ओढत चालत राहतात आणि रात्री हॉटेलवर गुडघ्याला बाम चोळतात. प्रायव्हेटमध्ये गाइडला सकाळीच सांगता येतं. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे. गाइडने आधीच सांगितलं, आई-अप्पा खालीच राहिले आणि कुणाला वाईट वाटलं नाही. (बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे उपासना-व्रताच्या, दिवशी तो वरचा मजला बंदच असतो, तारीख बघून जा.)

माणूस आजारी पडलं की मात्र पारडं थोडं फिरतं. व्हिएतनाममध्ये ग्रुपमधल्या एका काकूंना ताप आला. टूर लीडर त्यांना घेऊन दवाखान्यात गेली आणि बाकीच्यांना स्थानिक गाइडने सांभाळलं. दोन माणसं जबाबदार होती म्हणून ते जमलं. प्रायव्हेटमध्ये गाइड एकच, शहर बदललं की तोही बदलतो. आम्हाला कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हला, आलेला गाइड दोन वाक्यांपलीकडे इंग्रजी बोलत नव्हता. सकाळी आठला आम्ही इथल्या एजंटला फोन लावला, तेव्हा भारतात साडेसहा वाजले होते. कुणी उचलला नाही. दुपारी दुसरा गाइड आला, पण अर्धा दिवस गेला तो गेलाच. म्हणून प्रायव्हेट घेणाऱ्याने तिथल्या, त्या देशातल्या, माणसाचा चोवीस तास चालणारा नंबर घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

जेवणाबद्दल खानदेशी माणसाला जास्त काळजी असते, आणि ती रास्त आहे. भारतीय कंपनीच्या ग्रुपमध्ये रोज एकदा तरी भारतीय जेवण असतं, जैन जेवणही आधी सांगितलं तर मिळतं. परदेशी कंपनीच्या छोट्या ग्रुपमध्ये हे गृहीत धरू नका. व्हिएतनाममध्ये भाजीतही माशांचा सॉस असतो, कंबोडियात माशांची आंबवलेली पेस्ट. व्हिएतनामी भाषेत शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात. तशी पाटी असलेली बौद्ध खानावळ मिळाली तर मासे नसतात, बऱ्याचदा कांदा-लसूणही नसतो. प्रायव्हेट गाइडला पहिल्याच दिवशी हा शब्द सांगितला की तो रोज तशी जागा शोधतो. ग्रुपचं हॉटेल आधीच ठरलेलं असतं. दोन्हीकडे सोबत शेव, ठेचा आणि दशम्या असाव्यात.

तारखांचं आपल्याकडे वेगळंच गणित असतं. केळीची कापणी, कापूस वेचणी, घरातली लग्नं. ग्रुपची तारीख कंपनी ठरवते आणि पुरेशी माणसं जमली नाहीत तर सहल रद्दही होते, म्हणून ‘सुटणार हे नक्की का’ हे विचारायचं. बहुतेक ग्रुप मुंबईहून सुटतात. रात्रीच्या गाडीने निघून त्याच दिवशीच्या विमानाला भिडू नका, एक मुक्काम मुंबईत करा. प्रायव्हेटमध्ये तारीखही आपली आणि विमानतळही. अमळनेरवाल्यांना सुरतच्या लाइनीवरून अहमदाबाद गाठता येतं. व्हिसाच्या कामात फारसा फरक नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या होतो, एकवेळच्या प्रवेशाला २५ डॉलर. फक्त नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा.

युरोपसाठी माझं मत वेगळं आहे. तिथे गाइड आणि गाडी फार महाग, आणि कागदपत्रांचा पसारा मोठा: शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा विमा, बोटांचे ठसे द्यायला मुंबईची फेरी. पहिल्यांदा जाणाऱ्याने युरोपला ग्रुपच घ्यावा. पण ग्रुपच्या बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर बस चालवता येत नाही. त्यामुळे दहा दिवसांत सात देश लिहिलेला कार्यक्रम म्हणजे काचेतून बघायचा कार्यक्रम. दोन-तीन देशांचा घ्या.

मावसभावाला मी दोन्ही मिळून सुचवलंय. हनोई, हा लाँग, होइ अन हा भाग छोट्या ग्रुपमधून, कारण पहिल्यांदा बाहेर पडताना मुलाला आणि काकांना सोबत हवी आणि तिथलं बरंच काही सामायिकच आहे. ग्रुप संपला की तिथूनच अंगकोरजवळचं सिएम रीप शहर, आणि तिथे चार दिवस स्वतःचा गाइड, सलग तोच. अंगकोरचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरला मिळतो आणि तो सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. बारा वर्षांखालच्या मुलाला पास लागत नाही, फक्त वय दाखवायला त्याचा पासपोर्ट जवळ ठेवायचा. म्हणजे एक दिवस मंदिरं, एक दिवस मावशीला हॉटेलवर आराम, मग पुन्हा मंदिरं. आणि पहिल्या सकाळी सूर्योदयानंतर नाश्त्याला परतायचं नाही, दशम्या घेऊन थेट पश्चिमेच्या भिंतीकडे जायचं.