पहिल्या चौरंगाला लाकूड कोणतं: सागवान, शिवण, आंबा की पाइन?

सुतारकामाचा छंद नुकताच लागला असेल, तर पहिलं काम म्हणून मी चौरंग सुचवते. चार पाय, चार आडव्या पट्ट्या आणि वर एक पाट. काम लहान असलं तरी खऱ्या फर्निचरमधला महत्त्वाचा सांधा त्यात आठ वेळा करावा लागतो: पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे पातळ जीभ, काढायचं आणि ते पायातल्या खाचेत घट्ट बसवायचं. शिवाय वस्तू घरात रोज वापरली जाते, त्यामुळे सांधा कसा टिकतो ते दिसत राहतं.

१५ इंच लांब-रुंद आणि ८ इंच उंच चौरंगाला तयार लाकूड जेमतेम पाव घनफूट लागतं. रंध्यात आणि करवतीत जाणारं धरलं, तर वखारीत अर्धा घनफूट मागा. एवढ्याशा मालात स्वस्त आणि महाग लाकडातला फरक पूर्ण दिवाणाइतका झोंबत नाही. म्हणून भावापेक्षा तीन गोष्टी आधी बघाव्यात: पटाशीखाली लाकूड कसं वागतं, पावसाळ्यात किती हलतं आणि पाणी-हळद-तेल किती सोसतं.

पटाशीपासून सुरुवात करते, कारण नवखा माणूस हिरमुसतो तो इथेच. पाऊण इंच जाडीच्या पट्टीला कुसू पाव इंचाचं ठेवतात, म्हणजे जाडीचा तिसरा हिस्सा. तेवढीच रुंद खाच दोन इंची पायात साधारण इंचभर खोल पाडायची. शेजारच्या दोन बाजूंच्या खाचा आत एकमेकींना भेटतात, म्हणून दोन्ही कुसवांची टोकं ४५ अंशांत कापावी लागतात. खाचेच्या भिंती सरळ आल्या नाहीत, तर फेविकॉल कितीही ओता, चौरंग डुगडुगणारच.

सागवान या कामाला शिस्तीचं आहे. रेषा बहुधा सरळ असतात, ढलप्या सुटसुटीत निघतात आणि खाचेचा काठ स्वच्छ राहतो. मात्र त्यात सिलिका असते, ती धार खाते. एकेक पाय झाला की पटाशी निसण्यावर फिरवायला लागते. लाकूड तेलकट असल्यामुळे सांध्याच्या जागा थिनरने पुसून लगेच फेविकॉल लावावा. रंधताना मास्क घाला. सागाचा बारीक भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो.

शिवण त्याहून हलकी. घनमीटरला साग साधारण ६५० किलो भरतो, शिवण पाचशेच्या आतबाहेर. पोत एकसारखा, मोगरीचा हलका ठोका पुरतो, हात दुखत नाही. क्वचित रेषा उलटतात, तेवढ्या ठिकाणी रंधा दुसऱ्या बाजूने मारायचा. हाताने खाच पाडायला शिकण्यासाठी मला शिवणीइतकं समजूतदार लाकूड दुसरं वाटत नाही.

पाइन मऊ म्हणून सोपं, ही समजूत सोडून द्या. त्याच्या वार्षिक कड्यांमध्ये फिकट भाग मऊ असतो आणि गडद भाग टणक. पटाशी जराशी बोथट असली, तर मऊ भाग कापला न जाता दबतो आणि खाचेची भिंत चुरगळलेली दिसते. उलट धार उत्तम असेल तर पाइन छान कापलं जातं. म्हणून सरावाला ते जरूर घ्या. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्याही चालतील, फक्त शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ‘एमबी’वालं घरात आणू नका.

आंबा वजनाने सागाच्याच आसपास, पण रेषा एकमेकींत गुंतलेल्या. एका दिशेने रंधा गुळगुळीत जातो आणि दोन इंच पुढे तंतू उपटून येतात. काळ्या-करड्या छटा सुंदर दिसतात, पण ते लाकूड हाताने गुळगुळीत करायला सराव लागतो.

आता हलण्याबद्दल. विदर्भातल्या मे महिन्यात सुकलेलं लाकूड कोकणातल्या श्रावणात ओल पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. १५ इंची सागवानी पाट फळीच्या कापणीप्रमाणे दोन ते चार मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकतो, आणि साग तर कमी हलणाऱ्यांपैकी आहे. शिवणही तशीच गुणी. पाइन यांच्याहून जास्त हलतं. लाकूड कोणतंही असो, पाट पट्ट्यांना चारही बाजूंनी चिकटवू नका. पट्टीत लांबट भोक पाडून खालून स्क्रू घ्या, म्हणजे पाटाला सरकायला जागा राहते. हे केलं नाही, तर उन्हाळ्यात पाट तडकतो.

पूजेत चौरंगावर पंचामृत सांडतं, निरांजनाचं तेल ओघळतं, हळद-कुंकू तर असतंच. सागवानावर हे सगळं खपून जातं. शिवण आणि पाइन फिकट, त्यांच्यात हळद शिरली की निघत नाही. त्यांना पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन-तीन हात हवेतच. नुसत्या चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशवर पाणी साचलं की पांढरे डाग उठतात. आंब्याला आणखी एक धोका असतो, तो किडीचा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर तो तुकडा घरातही आणू नका. भट्टीत सुकवलेला आणि बोरॉनची प्रक्रिया झालेला आंबा मिळत असेल तरच विचार करा. होमाला आंब्याच्या समिधा लागतात म्हणून आंब्याचाच चौरंग हवा, अशी कुणाची इच्छा असेल तर तिचा मान ठेवावा. फक्त तो दुसरा चौरंग असावा.

पाचवा पर्याय बरेच जण विसरतात, तो म्हणजे जुनं सागवान. वाडे पाडले की तुळया, चौकटी, दारं विकायला येतात. हे लाकूड कित्येक वर्षं सुकलेलं असतं, त्यामुळे वाकण्या-पिळण्याचं बहुतेक आधीच होऊन गेलेलं असतं. रंध्याचा पहिला हात फिरला की काळपट थराखालून मधाळ तपकिरी रंग वर येतो आणि चामड्यासारखा वास सुटतो. रंध्यापूर्वी मात्र लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा पात्याची धार घालवतो. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून उडवू नका.

पुण्या-मुंबईत असाल, तर माझं मत जुन्या सागवानाला. कोकणात किंवा गोव्यात चांगली सुकलेली शिवण मिळत असेल तर तीच घ्या, सागाचा हट्ट नको. नागपूर-चंद्रपूरकडे बल्लारशाचा साग हाताशी आहे, तिथे प्रश्नच नाही. आणि कुठेही राहत असलात तरी पहिल्या दोन-तीन खाचा पाइनच्या तुकड्यात पाडून बघा. गावी स्वतःचं झाड असेल तर आधी वन खात्यात विचारा: महाराष्ट्रात साग, आंबा आणि फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय ओला ओंडका चिरून वाळवायचा, तर फळीच्या दर इंच जाडीला सुमारे वर्ष लागतं.

वखारीत साग घेताना फळीचं टोक बघा. सालीकडचा पांढरट भाग वाळवीला लवकर बळी पडतो. कधी त्याला रंग देऊन गाभ्याशी जुळवलेलं असतं. टोक पाव इंच कापून मागा, खरा रंग दिसतो. पायांसाठी रेषा वरपासून खालपर्यंत सरळ गेलेला तुकडा निवडा, गाठ असलेला पाटाला ठेवा.